राणीची बाग

राणीची बाग (अधिकृत नाव : वीरमाता जिजाबाई भोसले वनस्पती उद्यान व प्राणिसंग्रहालय) : मुंबईच्या भायखळा भागातील, सुमारे ५० एकर विस्ताराचे, बृहन्मुंबई महानगरपालिकेच्या ताब्यातील सार्वजनिक उद्यान.

अ‍ॅग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया या शेती व बागायतीच्या सुधारणेसाठी स्थापन झालेल्या संस्थेची बाग आधी शिवडीस होती. ती जागा दफनभूमीसाठी घेतली गेल्यावर भायखळ्यास नवी बाग आखण्यात आली व तिला व्हिक्टोरिया राणीचे नाव मिळाले. स्थापनेचे वर्ष काही ठिकाणी १८६१ असे नोंदलेले असले, तरी गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्या पत्नीच्या हस्ते उद्घाटन झाले ते १८६२ मध्ये. १८७३ मध्ये बागेचा कारभार नगरपालिकेकडे गेला.

वृक्षसंपदा : बागेचे खरे महत्त्व येथे आहे, वाघ पाहायला आलेली गर्दी ज्यांच्या सावलीत विसावते, त्या झाडांची नावे मात्र क्वचितच कोणी वाचते. फुगीर बुंध्याची, मूळची आफ्रिकेतील गोरखचिंच, दक्षिण अमेरिकेतून आलेला कैलासपती आणि ब्रह्मदेशातील उर्वशी ही त्यांपैकी ठळक होत. कैलासपतीची फुले फांद्यांच्या टोकांना न येता थेट खोडातून निघालेल्या दोरीसारख्या दांड्यांवर येतात, आणि फुलातील पुंकेसर (पराग धारण करणारे तंतू) मधल्या पिंडीसारख्या भागावर नागफणीप्रमाणे झुकलेले असल्यामुळे झाडाला हे नाव पडले. उर्वशीची कोवळी पाने तांबूस असून ओल्या रुमालासारखी लोंबतात व पुढे हिरवी होऊन ताठ होतात. तिला बी फार थोडे धरत असल्याने प्रसार अवघड जातो, म्हणून शहरात ती दुर्मीळ आहे.

वास्तू व शिल्पे : आवारालगत १८७२ मध्ये खुले झालेले, आता डॉ. भाऊ दाजी लाड यांच्या नावाचे संग्रहालय आहे. घारापुरी बेटावरील दगडी हत्ती इंग्लंडला नेण्याच्या प्रयत्नात फुटला; तुकडे सांधून तो येथे उभा केला आहे. फोर्टातील ‘काळा घोडा’, म्हणजे सातव्या एडवर्डचा अश्वारूढ पुतळा, १९६५ मध्ये येथे आला.

प्राणी : हत्ती, वाघ, पाणघोडे, २०१६ पासून हम्बोल्ट पेंग्विन.

जाण्याची सोय : मध्य रेल्वेचे भायखळा स्थानक जवळ असून मुलुंड, घाटकोपरकडून गाडी बदलावी लागत नाही, तर अंधेरी, बोरिवलीकरांना दादरला बदलावी लागते. बुधवारी बाग बंद असते.