स्फोटकांच्या कायद्याची दोन घराणी

दिवाळीत मैदानावर लागणाऱ्या फटाक्यांच्या दुकानांचा परवाना, खाणीतल्या सुरुंगाच्या दारूचा परवाना आणि बॉम्ब बाळगल्याचा खटला ही एकाच कायद्याची अपत्ये आहेत, असा सर्वसाधारण समज असतो. प्रत्यक्षात त्यांची घराणी दोन आहेत. एकाचा जन्म अपघातातून झाला, दुसऱ्याचा बंडाच्या धास्तीतून. पहिले घराणे लंडनमधले. 2 ऑक्टोबर 1874 च्या पहाटे रीजंट्स कालव्यावर ‘टिलबरी’ नावाच्या मालवाहू नौकेचा स्फोट झाला. नौकेत सुमारे पाच टन बंदुकीची दारू होती आणि तिच्याच शेजारी पेट्रोलियमचा ज्वालाग्राही माल. नौकेवरचे तिघे मेले, वरचा पूल उद्ध्वस्त झाला. चौकशी करणारे अधिकारी व्हिव्हियन मॅजेंडी यांच्या पुढाकाराने 1875 चा ब्रिटिश स्फोटक कायदा आला. दारू कुणाच्या हाती आहे यापेक्षा ती किती आहे, कशाशेजारी ठेवली आहे आणि वस्तीपासून किती दूर आहे, हे प्रश्न त्याने मध्यभागी आणले. भारताचा 1884 चा स्फोटक कायदा याच वळणाचा आहे. परवान्याबरोबरच अपघाताची खबर देण्याची आणि त्याच्या चौकशीची तरतूद त्यात आहे.

दुसरे घराणेही तिकडचेच. आयरिश क्रांतिकारकांच्या डायनामाइटने हादरलेल्या ब्रिटिश संसदेने 1883 मध्ये स्फोटक पदार्थांचा वेगळा कायदा घाईघाईने केला. 30 एप्रिल 1908 रोजी मुझफ्फरपूरला बॉम्ब पडला आणि 8 जूनला तसाच कायदा भारतात आला. संशयास्पद परिस्थितीत स्फोटक जवळ सापडले, तर आपला हेतू कायदेशीर होता हे आरोपीनेच दाखवायचे, ही त्याची मेख. दुसऱ्याच दिवशी ‘केसरी’त ‘हे उपाय टिकाऊ नाहीत’ हा अग्रलेख आला. त्यावरून आणि 12 मेच्या अग्रलेखावरून टिळकांवर राजद्रोहाचा खटला होऊन त्यांना सहा वर्षांची शिक्षा झाली.

यावर कुणी म्हणेल, 1884 चा कायदाही परक्या सरकारचाच. त्यामागेही रयतेला निःशस्त्र करण्याचाच डाव असणार. पण त्या कामासाठी 1878 चा शस्त्र कायदा आधीच हाताशी होता. 1884 च्या कायद्याचा नमुना खुद्द इंग्रज कारखानदारांना आणि वाहतूकदारांना लागू असलेला होता. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे : घातपाती माणूस खाणीच्या कोठारातूनच माल पळवत असेल, तर सुरक्षा आणि बंदोबस्त वेगळे कसे काढणार? ते पूर्ण वेगळे निघत नाहीत हे खरेच. पण कोठारातून माल गेला हे कळते ते साठ्याच्या नोंदवहीवरून, आणि ती वही पहिल्या घराण्याची देणगी आहे. संशय गुन्ह्यानंतर जागा होतो. नोंदवही रोज भरावी लागते.

अंतराचा नियम बाजूला पडला की काय होते, हे मुंबईने 14 एप्रिल 1944 रोजी पाहिले. शांततेच्या काळात स्फोटके गोदीबाहेर पडावांत उतरवली जात. युद्धाच्या घाईत सुमारे 1,400 टन स्फोटके आणि कापसाच्या गासड्या घेऊन ‘फोर्ट स्टिकिन’ थेट व्हिक्टोरिया गोदीत आली. जहाजाला आग लागली, लागोपाठ दोन स्फोट झाले आणि शेकडो माणसे गेली. तिथे कुणाचाही हेतू वाईट नव्हता. म्हणूनच हेतू शोधणारा कायदा तिथे काहीच करू शकला नसता.

1884 चा कायदा आजही लागू आहे आणि त्याची अंमलबजावणी पाहणाऱ्या केंद्रीय संघटनेचे मुख्यालय नागपुरात आहे. 2008 च्या नियमांप्रमाणे फटाक्यांच्या दोन तात्पुरत्या दुकानांत किमान 3 मीटर अंतर हवे, दुकाने समोरासमोर नकोत आणि एका ठिकाणी ती 50 हून अधिक नकोत. हे आकडे कुणाला कारकुनी वाटतील, पण सामान्य माणसाचा जीव वाचवण्याचे काम याच आकड्यांचे आहे. पोलिसांनी किती स्फोटके पकडली याची बातमी आपण वाचतो. आपल्या गावच्या फटाका बाजारात दुकानांमधले अंतर कुणी मोजले का, हेही एकदा नगरपालिकेला विचारून पाहावे.