काडेपेटीवरची लक्ष्मी

पॅरिसचा किस्सा सगळेच सांगतात. 1856च्या सुमारास फेलिक्स ब्राकमाँ या चित्रकाराला चिनी मातीच्या भांड्यांसोबत होकुसाईची चित्रं गुंडाळण म्हणून मिळाली आणि युरोपला जपानी लाकडी ठशांचं वेड लागलं. मला हे पटत नाही. सांगतात ते चित्रांचं बांधीव पुस्तक होतं. भांडी गुंडाळायला पुस्तक कोण घेईल? पुढचं सर्वश्रुत आहे: 1887 मध्ये व्हॅन गॉगने जपानी चित्रकार हिरोशिगेच्या ठशातला पाऊस तैलरंगात उतरवला.

याच्या नेमकं उलट आपल्या घरांत घडलं, चुलीशेजारी. लिथोग्राफी आणि फोटो आल्यावर जपानी ठसेकारांचं काम आटलं, तेव्हा त्यांतले कित्येक काडेपेटीच्या लेबलांकडे वळले. कोबे-ओसाकाच्या पेट्या हिंदुस्थानात येत, त्यांवर आपले देव असत. अनेक चित्रं सरळ रविवर्म्याची. त्याचा छापखाना मुंबईत 1894 साली निघाला, पुढे मळवलीला गेला.

ही चित्रं कोबेला पोचली कशी? माझं उत्तर आहे कापूस. टाटा आणि जपानी बोटकंपनी निप्पॉन युसेन कैशा यांनी 1893 मध्ये मुंबई-कोबे बोटी सुरू केल्या, त्या कापसासाठीच. आपला आखूड धाग्याचा कापूस जपानी गिरण्यांना जाड्याभरड्या सुताला चालायचा. वऱ्हाडात खामगावच्या कापूसबाजाराला 1870 पासून रेल्वे होती. संग्रामपूरकडच्या काळ्या मातीतल्या गाड्याही तिथेच रित्या होत असणार. गाठी घेऊन गेलेल्या बोटींतूनच लक्ष्मी कोबेला गेली आणि पेटीवर बसून परतली, असं मी ठामपणे म्हणतो. कुणी म्हणेल, कोबेतल्या हिंदी व्यापाऱ्यांनी नमुने दिले. दिले असतील, पण तेही याच बोटींनी आले ना?

दुसरा आक्षेप जड आहे: पुष्कळ लेबलं लिथोवर छापलेली, मग ठसेकाराचा हात कुठला? पण लेबल भिंगाखाली धरा. रविवर्म्याने युरोपकडून घेतलेली गालावरची, निऱ्यांमधली छाया गेलेली असते. उरते काळी सलग बाह्यरेषा आणि तिच्या आत सपाट लाल, सपाट हिरवा. ठसेकार चेरीच्या फळीवर चित्राचा कागद उलटा चिकटवून आधी रेष कोरतो, मग रंगागणिक वेगळी फळी. रंग सरकू नयेत म्हणून कोपऱ्यात खाच असते. ती सवय लिथोच्या दगडावर छापतानाही सुटली नाही. व्हॅन गॉगने रेषेचं तैलचित्र केलं. कोबेच्या कारागिरांनी तैलचित्राची पुन्हा रेष केली.

1920 नंतर आयातकर वाढला, अंबरनाथला स्वीडिश कंपनीचा कारखाना उभा राहिला आणि जपानी पेट्या मागे पडल्या.