कल्हई, नवसागर आणि आपला वारसा

मराठीत एक नेमके क्रियापद आहे: कळकणे. तांब्या-पितळेच्या उघड्या भांड्यात ताक किंवा आंबट आमटी राहिली की ती कळकते. चव बिघडते, हिरवट झाक येते, खाणाऱ्याला मळमळते. श्रीवर्धनमध्ये हे दुखणे कोणा एका समाजाचे नव्हते. आमसुलाचे सार असो की आमच्या मोहल्ल्यातले चिंचेचे मच्छीचे सालन, कोकणातले जेवण आंबटावर चालते. त्यामुळे ज्या गावची देशमुखी बाळाजी विश्वनाथ पेशव्यांच्या भट घराण्याकडे होती आणि ज्या गावावर जंजिऱ्याच्या सिद्दीची सत्ता होती, त्या गावात दोन्हीकडच्या भांड्यांना कल्हई लागत असे. हा धंदा अनेक ठिकाणी मुसलमान कारागिरांच्या हातात होता.

कळकणे म्हणजे काय, हे शाळेतल्या ऑक्सिडीकरण आणि क्षपण या धड्यात सापडते. इलेक्ट्रॉन गमावणे म्हणजे ऑक्सिडीकरण, मिळवणे म्हणजे क्षपण. एकाने दिल्याशिवाय दुसऱ्याला मिळत नाही, म्हणून दोन्ही क्रिया नेहमी जोडीनेच होतात. आंबट पदार्थात तांबे हवेतल्या ऑक्सिजनला इलेक्ट्रॉन देते आणि त्याचे क्षार अन्नात उतरतात. हिरवट झाक त्यांचीच.

आता कल्हईवाल्याचे काम पाहा. भट्टीवर भांडे तापवले की तांब्यावर ऑक्साइडचा काळा थर येतो. त्यावर कथील टाकले तर ते चिकटणार नाही, मण्यांसारखे घरंगळेल. म्हणून कारागीर आधी नवसागराची पूड टाकतो. उष्णतेने नवसागराचे अमोनिया आणि हायड्रोजन क्लोराइड असे दोन वायू होतात. हायड्रोजन क्लोराइड ऑक्साइडचा थर खातो. अमोनिया त्याच ऑक्साइडचे क्षपण करून पुन्हा तांबे बनवतो आणि स्वतः ऑक्सिडीकृत होतो. उरलेले वायू थंड हवेत एकत्र येतात, तोच तो डोळ्यांना झोंबणारा पांढरा धूर. मग २३२ अंश सेल्सिअसला वितळणारे कथील कापसाच्या बोळ्याने फिरवले की भांडे चांदीसारखे लखलखते. कथील अन्न आणि तांबे यांच्यामध्ये उभे राहते. कुठे चरा पडला तरी ते तांब्यापेक्षा लवकर इलेक्ट्रॉन देते, म्हणजे आधी स्वतः झिजते.

या कामातले शब्दही बरेच फिरून आले आहेत. अरबीत कथिलाला ‘कलई’ म्हणत. मलाया द्वीपकल्पावरच्या कलाह नावाच्या बंदरावरून हा शब्द आला असे मानले जाते. नवव्या-दहाव्या शतकातले अरब भूगोलकार त्या बंदरातून येणाऱ्या कथिलाचा उल्लेख करतात. नवसागरात तर ‘सागर’ मुळीच नाही. फारसीतला ‘नौशादर’ संस्कृत ग्रंथांत ‘नवसार’ झाला आणि मराठी तोंडात नवसागर. ‘रसरत्नसमुच्चय’ या रसशास्त्राच्या ग्रंथात तो आहे, आणि त्याच्याही आधी, इ. स. ९२५ च्या सुमारास वारलेल्या अबू बक्र अल-राझीच्या पदार्थांच्या वर्गीकरणातही आहे.

इथे आपल्या लोकांना छाती फुगवण्याचा मोह होतो. मोबाइलवर एकीकडून मजकूर येतो की सगळे रसायनशास्त्र वेदांत होते. दुसरीकडून उत्तर येते की सगळे जाबिर इब्न हय्यान आणि अल-राझी यांनी शोधले. मला दोन्ही दावे सारखेच पोकळ वाटतात. अल-राझीला नवसागर ठाऊक होता, ऑक्सिजन नव्हता. ज्वलन आणि धातूची राख होणे यांत हवेतला एक वायू धातूशी जोडला जातो, हे फ्रान्सच्या लाव्हाझिएने १७७० च्या दशकात वजनकाट्यावर दाखवले. इलेक्ट्रॉन तर १८९७ मध्ये जे. जे. थॉमसनच्या प्रयोगांतून पुढे आला. त्याआधी आजची व्याख्या कोणालाही करता येणे शक्य नव्हते.

पण म्हणून कल्हईवाला अडाणी ठरत नाही. किती तापवायचे, नवसागर कधी टाकायचा, कथील कधी फिरवायचे हे त्याच्या हाताला कळत होते. ‘का’ हा प्रश्न लाव्हाझिएने विचारला. ‘कसे’ हे उत्तर शेकडो वर्षे भट्टीपाशी बसलेल्या माणसांनी सांभाळले. वारसा म्हणायचा तर हा म्हणावा. तो मलायातले कथील, इराणातला शब्द, संस्कृत ग्रंथ आणि कोकणातली आंबट आमटी यांतून आला आहे. त्याची वाटणी धर्माप्रमाणे करायला बसलो तर कोणाच्याच वाट्याला पुरे भांडे येणार नाही.

स्टेनलेस स्टील आले आणि कल्हईची गरज संपत गेली. स्टीलमधले क्रोमियम स्वतःच ऑक्साइडचा पातळ, घट्ट पापुद्रा धरते आणि आतला धातू वाचवते. पण समुद्रकाठी धातूची लढाई संपलेली नाही. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळाने आमच्या किनाऱ्यावरची छपरे उडवली. नंतर घरोघर चढलेल्या पत्र्यांवर जस्ताचा मुलामा असतो. खाऱ्या हवेत जस्त आधी झिजते, लोखंड मागाहून गंजते. कल्हईचेच तत्त्व, धातू वेगळे. ‘मुलामा’ हा शब्दही अरबीच आहे, आणि तो लिहिताना कोणाही मराठी माणसाला परका वाटत नाही.

आमच्या मुलांनी क्षपणाची व्याख्या जरूर पाठ करावी. तिच्यासोबत कल्हईवाल्याच्या भट्टीची गोष्टही त्यांना सांगावी. पूर्वजांनी सगळे शोधले असे समजणारा मुलगा पुढे काही शोधत नाही. पूर्वजांच्या हाताला काय येत होते आणि त्यांना काय ठाऊक नव्हते, हे ज्याला नीट कळते, त्याला प्रश्न पडू लागतात.