तळटीप १४ : ‘पिशवी धरत नाही’

१४. पिशवी धरत नाही : वारंवार गर्भपात होणाऱ्या बाईविषयी घरोघरी बोलले जाणारे वाक्य; पिशवी म्हणजे गर्भाशय. मजकुरातील तुळिंज हे नालासोपारा पूर्वेचे, आज वसई-विरार महापालिकेत मोडणारे गाव. १ ऑगस्ट २०१४ पासून पालघर जिल्ह्यात, त्याआधी ठाणे जिल्ह्यात.

पाळीनंतर इस्ट्रोजेनमुळे गर्भाशयाचे अस्तर जाड होते. बीज सुटल्यावर प्रोजेस्टेरॉनच्या प्रभावाने त्यातील ग्रंथी नागमोडी होऊन ग्लायकोजेन व प्रथिने स्रवतात. २८ दिवसांच्या चक्रात साधारण २० ते २४ या दिवसांत गर्भ रुजू शकतो. पुढेही, आईचे रक्त वारेत नीट खेळू लागेपर्यंत, म्हणजे सुमारे १० ते १२ आठवडे, गर्भाला या स्रावातून पोषण मिळते. इंग्लंडमधील शेफील्ड येथील संशोधकांनी १९९०च्या दशकात बारीक नळीने गर्भाशयात सलाइन सोडून, ते परत ओढून तपासले. वारंवार गर्भपात झालेल्या स्त्रियांत या स्रावातील ग्लायकोडेलिन हे प्रथिन कमी आढळले. ही तपासणी अजून नेहमीच्या उपचारात आलेली नाही. थायरॉइड, गर्भाशयाची रचना, रक्तातील अँटिफॉस्फोलिपिड प्रतिपिंडे आणि दोघा पती-पत्नींची गुणसूत्रे मात्र तपासता येतात. सुरुवातीच्या बहुतेक गर्भपातांचे कारण गर्भाच्याच गुणसूत्रांतील दोष असते. पाण्याचा हंडा उचलल्याने किंवा जिना चढल्याने गर्भ पडतो, हा समज खरा नाही. मजकुरातील प्रसंगात सासू सुनेला जो दोष देते, त्याला कोणताही आधार नाही.