पत्रिकेतला मंगळ, कक्षेतला मंगळ

मराठीत ‘तिला मंगळ आहे’ एवढे म्हटले की पुढचे सारे न सांगता कळते. ग्रहाचे नाव येथे दोषाचे नाव झाले आहे, आणि त्याचा भार बहुतेकदा मुलीच वाहतात. साहित्य शिकविणाऱ्या आम्हांला म्हणूनच मंगळयानाचा इतिहास केवळ विज्ञानाचा वाटत नाही. एका शब्दाच्या दोन अर्थांशी त्याचा संबंध आहे.

बदलापूरच्या शिरगावातून मुंबईकडे निघालेल्या माणसाला लोकलच्या वाटेवर विक्रोळी लागते. तेथील गोदरेजच्या कारखान्याने पीएसएलव्ही प्रक्षेपकासाठी विकास इंजिने घडविली आहेत. सूर्याजवळच्या चार खडकाळ ग्रहांपैकी एक असलेल्या मंगळाकडे जाणारे १३३७ किलोंचे यान ५ नोव्हेंबर २०१३ रोजी श्रीहरिकोट्याहून याच प्रक्षेपकाने उचलले. परंतु त्याला थेट मंगळाच्या वाटेला लावण्याइतके बळ प्रक्षेपकात नव्हते. म्हणून यानातलेच इंजिन पुनःपुन्हा पेटवून पृथ्वीभोवतीची कक्षा लांबवीत नेण्याची युक्ती योजिली गेली.

११ नोव्हेंबरला ती उणी पडली. कक्षेचे दूरचे टोक सुमारे एक लाख किलोमीटरवर जायचे, ते ७८ हजारांच्या आसपास थांबले. इस्रोने ही उणीव जाहीर केली, दुसऱ्या दिवशी पहाटे इंजिन पुन्हा पेटविले आणि टोक १ लाख १८ हजारांपलीकडे नेले. १ डिसेंबरला यान मंगळाच्या वाटेला लागले.

पुढे जवळजवळ दहा महिने मुख्य इंजिन निद्रिस्त होते. २२ सप्टेंबर २०१४ रोजी ते चार सेकंद पेटवून पाहण्यात आले. २४ तारखेच्या सकाळी ते सुमारे २४ मिनिटे चालायचे होते, आणि त्यातला बराच काळ यान मंगळाच्या आड असणार होते. संदेश पोहोचायलाच बारा मिनिटे लागत. त्यामुळे सर्व आज्ञा आधीच यानात भरून ठेवल्या होत्या. यान कक्षेत स्थिरावले. सहा महिन्यांसाठी योजिलेले ते काम २०२२ मध्ये संपर्क तुटेपर्यंत, सात वर्षांहून अधिक काळ चालले.

ज्या गणिताने मंगळ गाठला, त्याने आपली चूक आकड्यांत मांडली, म्हणूनच ती सुधारता आली. पत्रिकेतल्या मंगळाकडे असा ताळा कोणी मागत नाही. मोडलेल्या स्थळाचा जाबही कोणी देत नाही. वर्गात कधी एखाद्या कथेत ‘मंगळाची मुलगी’ भेटली, तर त्या दोन नोव्हेंबर दिवसांची हकिकत सांगावी, असे आम्हांस वाटते.