छपाईच्या जाळीची हकीकत

दिग्रसला लग्नपत्रिका जाळीवर छापताना पाहिल्या, तेव्हा मला दादासाहेब फाळके आठवले. 1913 च्या ‘राजा हरिश्चंद्रा’पूर्वी ते छपाईचे ब्लॉक करीत. त्यातले मर्म हेच. डायक्रोमेट घातलेला सरस उजेडाने टणक होतो, झाकलेला पाण्याने धुऊन जातो. इंग्लंडात टॅल्बट यांनी 1852 साली हे उपयोगात आणले.

जाळीवर इमल्शन सारखे पसरावयाचे, अंधारात वाळवावयाचे, वर काळ्या अक्षरांची फिल्म ठेवून उजेड द्यावयाचा. अक्षरांखालचे धुतले जाते. तेथूनच शाई उतरते. थर जाड राहिला तर, जाड पापडासारखा, आत कच्चाच!

डायक्रोमेट विषारी, उघड्या हातांना त्याने जखमा होतात. आता डायझोचे इमल्शन मिळते. हा उद्योग धरणाऱ्या भगिनींनी हातमोजेही भांडवलात धरावेत.