आ वासलेली दरी

आपण वाचताना ‘योसेमाइट’ म्हणतो. खरा उच्चार ‘योसेमिटी’. कॅलिफोर्नियातल्या सिएरा नेवाडा पर्वतातलं हे राष्ट्रीय उद्यान बे एरियातल्या मराठी घरांच्या चांगलं ओळखीचं आहे. मुलाकडे किंवा लेकीकडे राहायला गेलेल्या आई-वडिलांना एखाद्या शनिवार-रविवारी इथे आणलं जातंच. सॅन फ्रान्सिस्कोहून चारेक तासांची वाट. परतताना फोनमध्ये धबधब्यांचे आणि हाफ डोम शिखराचे फोटो असतात. काही जण दरीतल्या त्या भव्य हॉटेलच्या दिवाणखान्यातही जरा वेळ टेकलेले असतात, कारण तिथे खोली न घेताही बसता येतं. त्या हॉटेलचं नाव ‘अवानी’.

योसेमिटी आणि अवानी ही दोन्ही नावं एकाच दरीची. एक शेजाऱ्यांनी भीतीपोटी ठेवलेलं, दुसरं तिथे नांदणाऱ्यांनी आपल्या घराला दिलेलं. उद्यानाला शेजाऱ्यांचं नाव मिळालं आणि घरच्यांचं नाव हॉटेलच्या पाटीवर गेलं. हे कसं घडलं ते समजल्याशिवाय त्या हॉटेलच्या दारात उभं राहू नये, असं मला मनापासून वाटतं.

अवानी म्हणजे काय, हे डोळ्यांनीच पाहायचं असेल तर दक्षिणेकडून वावोना बोगद्यातून यावं. बोगदा १९३३ सालचा. अंधारातून गाडी बाहेर पडते आणि समोर दरी उघडते. डावीकडे एल कॅपिटनचा जवळजवळ तीन हजार फुटांचा उभा कडा, उजवीकडे ब्रायडलव्हेल धबधबा, आणि आत खोलवर, घशाशी असावा तसा, हाफ डोम. सुमारे सात मैल लांब आणि मैलभर रुंद अशी ही दरी हिमनद्यांनी कोरून काढली आहे. दक्षिण सिएरा मिवोक लोकांच्या भाषेत अवानीचा अर्थ ‘उघडं मोठं तोंड’, आ वासलेली जागा. दरी पाहिली की दुसरं नाव सुचूच नये इतकं ते चपखल आहे. दरीत राहणारे ते अवानीची.

दरीबाहेरचे मिवोक लोक मात्र या टोळीला बिचकून असत. ते तिला ज्या शब्दानं ओळखत, त्याचा अर्थ भाषातज्ज्ञ ‘ते मारणारे आहेत’ असा लावतात. योसेमिटी हे नाव त्या शब्दातून आलं.

ते नाव दरीला चिकटलं १८५१ साली. सोन्याच्या शोधात लोकांचे लोंढे कॅलिफोर्नियात आले होते, डोंगरपायथ्याच्या जमिनींवरून चकमकी होत होत्या. डोंगरातल्या टोळ्यांना पकडून सरकारी वसाहतीत नेण्यासाठी मारिपोसा बटालियन नावाची स्वयंसेवकांची पलटण उभी राहिली. जेम्स सॅव्हेज तिचा प्रमुख. २७ मार्च १८५१ रोजी ही पलटण दरीत शिरली. त्या रात्री शेकोटीभोवती दरीला काय नाव द्यावं यावर बोलणं झालं. पलटणीत लफायेट बनेल नावाचा एक तरुण होता. पुढे तो डॉक्टर म्हणून ओळखला गेला. त्यानं ‘योसेमिटी’ सुचवलं. इथे राहणाऱ्या टोळीचं नाव त्यानिमित्तानं टिकून राहील, असं त्याचं म्हणणं. हे नाव त्या टोळीनं स्वतःला दिलेलं नाही, याचा त्याला पत्ता नव्हता. शब्दाचा अर्थ मोठं अस्वल, असं तो समजत होता. आवाजी मतदान झालं, नाव ठरलं. ज्यांचं नाव टिकवायचं ठरत होतं, त्यांना त्याच माणसांनी पुढच्या काही आठवड्यांत दरीतून हुसकावलं.

बनेलनं पुढे १८८० साली या साऱ्या प्रकाराचं पुस्तक लिहिलं. त्यातला एक प्रसंग मी विसरू शकत नाही. टोळीचा म्हातारा नायक तेनाया मे महिन्यात पलटणीच्या हाती लागला होता. त्याचा धाकटा मुलगा पलटणीच्या लोकांनी मारला होता आणि त्याचं प्रेत बापानं पाहिलं होतं. उरलेली टोळी वर डोंगरात एका तळ्याकाठी पकडली गेली. तेव्हा बनेलनं तेनायाला सांगितलं, की या तळ्याला आम्ही तुझं नाव देत आहोत. म्हातारा म्हणाला, त्याला नाव आहे. ते नाव होतं पायविआक, भोवतीच्या गुळगुळीत चमकत्या खडकांवरून पडलेलं. आज नकाशावर तेनाया लेकच आहे. तेनाया १८५३ साली वारला.

पुढचा इतिहास उद्यानाच्या प्रत्येक माहितीपत्रकात असतो, म्हणून थोडक्यात. १८५५ पासून प्रवासी येऊ लागले. ३० जून १८६४ रोजी, यादवी युद्ध पेटलेलं असताना, अब्राहम लिंकननं दरी आणि मारिपोसा ग्रोव्हमधले महावृक्ष कॅलिफोर्निया राज्याच्या स्वाधीन करणाऱ्या कायद्यावर सही केली. लोकांच्या उपभोगासाठी एखादा निसर्गप्रदेश कायमचा राखून ठेवण्याचं हे अमेरिकेतलं पहिलं मोठं पाऊल. निसर्गलेखक जॉन म्यूर १८६८ साली आला आणि त्याच्या लेखणीच्या रेट्यानं १८९० मध्ये भोवतालचा डोंगरभाग राष्ट्रीय उद्यान झाला; १९०६ साली दरीही त्यात आली. म्यूरबद्दल मला आदर आहे. त्याच्यामुळे ते कडे आणि ती झाडं आजही उभी आहेत. पण १८६४ च्या त्या कायद्यात दरीत परतून आलेल्या अवानीचींचा उल्लेख नाही, आणि राखीव जागेची ही कल्पना माणसाशिवायच्या निसर्गाची होती, हेही तितकंच खरं.

आता हॉटेल.

राष्ट्रीय उद्यान सेवा १९१६ साली स्थापन झाली. तिचा पहिला संचालक स्टीफन मेदर हा टाकणखाराच्या, म्हणजे बोरॅक्सच्या धंद्यात श्रीमंत झालेला माणूस. उद्यानं टिकवायची तर संसदेनं पैसे द्यायला हवेत, आणि वजनदार लोकांनी उद्यानं पाहिल्याशिवाय ते पैसे मिळायचे नाहीत, असा त्याचा साधा हिशोब होता. तंबूत झोपायला अशी माणसं येत नाहीत. त्यातच १९२६ मध्ये दरीपर्यंत बारमाही रस्ता झाला. दरीत धंदा करणाऱ्या दोन कंपन्या मेदरच्या आग्रहानं आदल्याच वर्षी एक झाल्या होत्या. त्या नव्या कंपनीनं हॉटेल बांधायला घेतलं. वास्तुरचना गिल्बर्ट स्टॅनली अंडरवुड याची.

लाकडी हॉटेलांना आगीचं भय. याच दरीतलं स्टोनमन हाउस १८९६ मध्ये जळून गेलं होतं. अंडरवुडनं म्हणून सांगाडा पोलादाचा केला, भिंती दगडाच्या, आणि बाहेरून जे लाकूड दिसतं ते काँक्रीट. खरबरीत फळ्यांच्या साच्यात काँक्रीट ओतलं, त्यावर लाकडाच्या रेषा उमटल्या, मग आम्लाच्या रंगानं त्याला रेडवुडची तांबूस छटा दिली. हात लावेपर्यंत फसायला होतं. पाच हजार टन दगड आणि हजार टन पोलाद डोंगरात वर नेण्यात आलं. खर्च साडेबारा लाख डॉलरच्या आसपास गेला. जेवणघर १३० फूट लांब आणि ३४ फूट उंच, शुगर पाइनच्या अख्ख्या खोडांवर तोललेलं. १४ जुलै १९२७ रोजी हॉटेल उघडलं.

आतली सजावट फिलिस ॲकरमन आणि आर्थर अपहॅम पोप या जोडप्याकडे होती. दोघे इराणी कलेचे जाणकार. गालिचे इराणी होते, आणि जमिनीवर व तुळयांवर उत्तर कॅलिफोर्नियातल्या आदिवासी टोपल्यांची नक्षी उतरवली होती. खिडक्यांच्या वरच्या रंगीत काचा जेनेट डायर स्पेन्सर हिनं केल्या. स्टॅनली कुब्रिकच्या ‘द शायनिंग’ चित्रपटातला तो मोठा हॉल याच दिवाणखान्यावर बेतलेला होता. दुसऱ्या महायुद्धात इथे नौदलाचं इस्पितळ होतं, आणि १९८३ साली राणी एलिझाबेथ इथे उतरली होती. इमारत म्हणून हे हॉटेल थोरच आहे. मागच्या कड्याशी भांडत नाही, त्याच्या पायाशी नीट बसतं. त्या कड्याला आज रॉयल आर्चेस म्हणतात. त्याचं मिवोक नाव बाळाला ठेवायच्या विणलेल्या परडीवरून पडलेलं होतं.

हॉटेलला आधी ‘योसेमिटी ऑल-इयर-राउंड हॉटेल’ असं नाव द्यायचं घाटत होतं. कंपनीचा प्रमुख डॉनल्ड ट्रेसिडर यानं उद्घाटनाच्या तोंडावर ते बदलून जागेचं मूळ नाव ठेवलं. त्याचा हेतू आदराचा होता असंच मी मानतो. पण त्याच काळात त्या नावाची खरी वारस माणसं याच दरीत राहत होती. हॉटेलांत राबत होती, कपडे धूत होती, प्रवाशांसाठी टोपल्या विणत होती. लूसी टेलिस ही त्यांतली सगळ्यात निष्णात. तिनं चारेक वर्षं विणून १९३३ साली पुरी केलेली एक टोपली जवळजवळ तीन फूट व्यासाची आहे. प्रशासनानं १९३० च्या दशकात या कुटुंबांना एका नव्या वस्तीतल्या छोट्या घरांत हलवलं. १९५३ मध्ये नियम झाला, की उद्यानात कायम नोकरी असेल त्यालाच आणि त्याच्या कुटुंबालाच तिथे राहता येईल. नोकरी गेली की घर गेलं. १९६९ साली उरलेली घरं आग विझवण्याच्या सरावासाठी वापरून नष्ट केली गेली.

नावाचं पुढे काय झालं, ते ऐकून मन विषण्ण होतं. उद्यानातली हॉटेलं चालवण्याचा ठेका १९९३ पासून डेलावेअर नॉर्थ कंपनीकडे होता. तिनं अवानीसह अनेक नावांची व्यापारचिन्हं नोंदवून घेतली. पुढे ठेका अरामार्क कंपनीला गेला, तेव्हा २०१५ साली डेलावेअर नॉर्थ सरकारविरुद्ध कोर्टात गेली. नावं आणि इतर बौद्धिक संपदेची किंमत तिनं ५ कोटी १० लाख डॉलर सांगितली. सरकारच्या मते ती ३५ लाखांच्या आसपास होती. वाद मिटेना, म्हणून १ मार्च २०१६ पासून पाटी बदलली: ‘मॅजेस्टिक योसेमिटी हॉटेल’. जुनी अक्षरं झाकली गेली. जुलै २०१९ मध्ये १ कोटी २० लाख डॉलरवर तडजोड झाली; ३८ लाख ४० हजार सरकारनं भरले, बाकीचे अरामार्कनं. अवानी हे नाव परत आलं, आणि ठेका संपेल तेव्हा व्यापारचिन्ह उद्यान सेवेकडे जाईल असं ठरलं.

या सगळ्या भांडणात मिवोक लोक पक्षकार नव्हते. माझ्या मते तो शब्द दोघांपैकी कोणाचाच नव्हता आणि त्याला किंमत लावण्याचा अधिकारही कोणाला नव्हता.

तिथे जाल तेव्हा हॉटेल जरूर पाहा, तुळयांवरची नक्षी मान वर करून पाहा. मग तिथून संग्रहालयाकडे चालत जा. लूसी टेलिसची ती मोठी टोपली संग्रहालयाच्याच मालकीची आहे. आणि दरीत पश्चिमेला, जिथली घरं १९६९ साली गेली, तिथे वाहोगा नावाची वस्ती पुन्हा उभी राहते आहे. २०१८ साली उद्यान प्रशासनानं दक्षिण सिएरा मिवोक लोकांशी तीस वर्षांचा करार केला. त्यानुसार आपल्या गोल सभागृहाचं आणि सालींच्या घरांचं बांधकाम ते लोक आपल्या हातांनी करत आहेत.